‘नीट’ या शब्दाशी माझे भांडण

आमच्या घरात ‘नीट’ हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडत असे. नीट बस, नीट वाच, वेणी नीट घाल, भाकरी नीट थाप, पाहुण्यांशी नीट बोल. माझे वडील निलंगा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या अक्षराची ख्याती अशी, की लग्नपत्रिकांवर नावे घालायची असली तरी गावातली माणसे आमच्या ओसरीवर येऊन बसत. माझ्या वहीत खाडाखोड दिसली तर ते रागावत नसत. शांतपणे ते पान फाडून माझ्या हातात देत आणि ‘पुन्हा’ एवढेच म्हणत. चौथीच्या शिष्यवृत्तीची तयारी करताना मी त्यांच्याही पुढे गेले, आणि वही त्यांना दाखवण्याआधी स्वतःच पाने फाडू लागले. त्या वर्षीची माझी दोनशे पानी वही निम्मीसुद्धा उरली नव्हती, आणि आईने ती शेजारणीला कौतुकाने दाखवल्याचे मला आठवते.

हे मी वडिलांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्याच घरात आणि त्याच शब्दाखाली वाढलेला माझा धाकटा भाऊ आजही शर्टाची बटणे वरखाली लावून बाजारात जातो आणि त्याचे काहीही अडत नाही. एकच शब्द एकाच्या अंगावरून ओघळून जातो आणि दुसऱ्याच्या हाडात मुरतो, याचा काही भाग जन्मानेच ठरलेला असतो, असे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या लेखात माझ्या वजनाचा किंवा खाण्याच्या मोजमापाचा एकही आकडा नाही. जेवणच टाळत नेणाऱ्या या आजारात असताना मी दुसऱ्यांचे असे अनुभव वाचले, तेव्हा त्यांतले आकडे मी इशारा म्हणून वाचले नाहीत, गुणपत्रिकेसारखे वाचले, आणि मी कितव्या क्रमांकावर आहे ते पाहिले.

जून २०१५ मध्ये मी दहावी होऊन वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूरला गेले. ‘लातूर पॅटर्न’विषयी बरेच लिहिले गेले आहे, त्यामुळे त्यात जात नाही, पण त्यातली एक वस्तू माझ्या गोष्टीत महत्त्वाची आहे, ती म्हणजे चुकांची वही. दर रविवारच्या चाचणीत जो प्रश्न चुकेल तो या वेगळ्या वहीत उतरवायचा, का चुकला ते खाली लिहायचे आणि तो पुन्हा पुन्हा सोडवायचा. अभ्यासाचे साधन म्हणून ही वही उत्तमच आहे आणि मी आजही कोणाला तिच्याविरुद्ध सांगणार नाही. मात्र अकरावीच्या दिवाळीनंतर माझ्या वहीत प्रश्नांच्या शेजारी दुसऱ्या नोंदी येऊ लागल्या. पहाटे दहा मिनिटे उशिरा उठले. खोलीतल्या मैत्रिणीशी अर्धा तास बोलले. दुपारी भात दुसऱ्यांदा घेतला. अन्न माझ्या आयुष्यात ‘चूक’ म्हणून शिरले ते या वहीतून. त्यात आरसा नव्हता, कोणती नटी नव्हती, कोणी जाडी म्हणून चिडवलेही नव्हते. मला बारीक व्हायचे नव्हते. मला बिनचूक व्हायचे होते.

वैद्यकीय प्रवेशाच्या त्या परीक्षेचे नावही नीटच, हा योगायोग तेव्हा आम्हा मुलींच्या थट्टेचा विषय होता. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, आणि न सोडवलेल्या प्रश्नाला शून्य. यातून एक शहाणपण आम्हाला रोज शिकवले जाई: खात्री नसेल तेथे गोळा रंगवू नका, कोरे सोडणे परवडते. मी हा नियम ताटाला लावला. मेसच्या भाजीत तेल किती आहे याची खात्री नाही, मग कोरे सोडा. पोळीला तूप लावले आहे की नाही, सांगता येत नाही, मग कोरे सोडा. त्या दिवसांत हा मला मोठा तर्कशुद्ध विचार वाटत असे, आणि आजार आतून कसा दिसतो असे कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देते. तो आतून वेडेपणासारखा दिसत नाही. तो हुशारीसारखा दिसतो.

त्यातच २०१६चा उन्हाळा आला. लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते, हे तेव्हा शहरातल्या प्रत्येकाला पाठ होते. वसतिगृहात प्रत्येक मुलीच्या वाट्याला पाण्याचे माप ठरले. मी मापापेक्षाही कमी पाण्यात भागवत असे आणि उरलेले खोलीतल्या मैत्रिणीला देत असे. रेक्टरबाईंनी एका संध्याकाळी सर्वांसमोर माझे नाव घेतले: ‘हिच्याकडून शिका, कमीत कसे भागवायचे ते.’ टंचाईच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला या वाक्याचे वजन समजेल. आमच्याकडे कमीत भागवणे हा नुसता नाइलाज नसतो, तो सद्गुण असतो, आणि मुलीच्या बाबतीत तर त्याला स्थळाच्या वेळीही मोल येते.

मग उपवास सुरू झाले. आधी सोमवार, मग संकष्टी, मग दोन्ही एकादश्या, पुढे गुरुवार. परीक्षेसाठी व्रत धरलेली मुलगी आमच्या भागात नवलाची नाही, त्यामुळे मेसवाल्या मावशींनी मला स्वतःहून वेगळी खिचडी करून द्यायला सुरुवात केली. पुढे ती खिचडीही मला जड वाटू लागली, तेव्हा त्यांना त्यात भक्तीच दिसली. मी जेवत नाही असे म्हटले असते तर दहा माणसांनी कारण विचारले असते. मला उपवास आहे असे म्हटल्यावर एकानेही काही विचारले नाही, उलट दोघींनी पाया पडल्यासारखे केले. माझी पाळी बंद झाली तेव्हा मला काळजी वाटायला हवी होती. प्रत्यक्षात मला बरे वाटले, कारण आता व्रतात खंड पडणार नव्हता.

मे २०१७ मधल्या परीक्षेत मला शासकीय महाविद्यालय मिळण्याइतके गुण पडले नाहीत आणि मी एक वर्ष पुन्हा तयारीला बसले. हे वर्ष मला सलग आठवत नाही. एप्रिलमधल्या लातूरच्या उकाड्यात मी चादर पांघरून झोपत होते, दंडांवर बारीक लव उगवली होती, केस मुठीत येत होते, आणि जीवशास्त्राचा एकच परिच्छेद चार चार वेळा वाचूनही डोक्यात राहत नव्हता. दुसरीकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतल्या पाककृती मी कापून एका वहीत चिकटवत होते. रात्री स्वप्नात पुरणपोळ्या येत. त्या दिवाळीला घरी जाऊन मी करंज्या आणि अनारसे एकटीने केले, प्रत्येक करंजीची मुरड मोजून सारखी घातली, सगळ्यांना आग्रहाने वाढले आणि स्वतः एकही तोंडात घातली नाही. रविवारच्या गुणांचे काही सांगता येत नव्हते, पण ताटाचा हिशेब मात्र रोज रात्री जुळत होता. जुळला की समाधान वाटे, आणि ते सकाळपर्यंत टिके. सकाळी मनात येई की काल जमले, म्हणजे ते सोपेच असणार. आज थोडे आणखी.

वैद्यकीय इलाज होत नव्हते असे नाही. गावच्या डॉक्टरांनी रक्तवाढीचे औषध दिले. तालुक्याच्या ठिकाणी एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून पाळी येण्याच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पाळी आली आणि घरातल्या सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. कोणी आम्लपित्ताचे चूर्ण दिले, कोणी अभ्यासाचा ताण म्हटले, एका नातेवाइकांनी कुलदैवताचे राहिले असेल असे सुचवले. या सर्व महिन्यांत मी दिवसभरात काय खाते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो पहिल्यांदा विचारला माझ्या आजीने, २०१७च्या डिसेंबरात, येळवसेला. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना वेळ अमावस्या सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि सगळे लोक शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पुजतात, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असे जेवण बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बोलावून वाढले जाते. त्या दिवशी ताटाला नाही म्हणायला माझ्याकडे उपवासाचे निमित्त नव्हते. मी भज्जीत बोटे फिरवत बसले होते. आजीने माझे मनगट तिच्या अंगठ्यात आणि करंगळीत धरून पाहिले आणि म्हणाली, ‘हे मनगट हाय का बाजरीचं काड? काय खायलीस गं माय तिथं? का खायलीच न्हाईस?’

मी म्हटले, ‘नीट खायले, आजी.’

ती म्हणाली, ‘नीट नको खाऊ. पोटभर खा.’

सगळे हसले आणि विषय संपला. आजी पुढच्या पावसाळ्यात गेली. एकही इयत्ता न शिकलेल्या त्या बाईने माझ्या आजाराचे निदान आणि उपचार दोन्ही एकाच वाक्यात सांगितले होते, हे कळायला मला पुढची दोन वर्षे लागली.

मे २०१८ मध्ये मी दुसऱ्यांदा परीक्षेला बसले आणि पहिल्यापेक्षा कमी गुण मिळवून परतले. त्यानंतर आठवड्याभरात लातूरच्या बसस्थानकावर मी चक्कर येऊन पडले. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी माझी नाडी दोनदा मोजली, ईसीजी काढला, वडिलांना बाहेर बसायला सांगितले आणि मग विचारले, ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेले ते क्रमाने सांग.’ मला उत्तर देता आले नाही, म्हणजे मला ते ठाऊक होते, पण एवढे थोडे मोठ्याने उच्चारायची लाज वाटली. त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचे म्हटल्यावर वडील चिठ्ठी हातात धरून बराच वेळ उभे राहिले. ‘माझी मुलगी वेडी नाही,’ हे त्यांचे वाक्य होते, आणि चिठ्ठीवरच्या डॉक्टरांच्या अक्षराकडे ते ज्या नजरेने पाहत होते ती मला आजही आठवते.

प्रत्यक्षात आधी मला मेडिसिनच्या वॉर्डातच दाखल व्हावे लागले. रक्तातले पोटॅशियम खाली गेले होते आणि हृदयाची गती मंद होती. मला वाटले होते की आता समोर ताट येईल आणि ‘संपव’ म्हणतील. तसे झाले नाही. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले तर इन्शुलिन वाढते, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात आणि हृदय बंद पडण्याचाही धोका असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत असे मृत्यू झाले होते. म्हणून अन्न हळूहळू वाढवत नेले आणि रोज रक्त तपासले. माझ्या कुटुंबाला हा आजार ‘खरा’ वाटला तो येथे. मनाचे काही असते हे त्यांना पटत नव्हते. पोटॅशियम मात्र कागदावर छापून येत होते.

मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी पहिल्या भेटीत विचारले, ‘तुला जाड होण्याची भीती वाटते का?’ मी नाही म्हणाले, आणि मला वाटले की म्हणजे मला तो आजार नसणार. त्या म्हणाल्या की पाश्चात्त्य पुस्तकांत ही भीती अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाचे, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या या आजाराचे, मुख्य लक्षण म्हणून दिलेली असली, तरी १९९०च्या दशकात हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी अशा कितीतरी रुग्ण मुली नोंदवल्या, ज्या पोट फुगते, भूक नाही अशी कारणे सांगत आणि लठ्ठपणाचे नावही काढत नसत. आपल्याकडेही अशा मुली येतात आणि त्यांना आम्लपित्ताचे रुग्ण समजून परत पाठवले जाते. माझे आम्लपित्ताचे चूर्ण तेव्हा माझ्या पिशवीतच होते.

परिपूर्णतेच्या हट्टाचा आणि या आजाराचा संबंध त्यांनी मला अनेक भेटींत, थोडा थोडा करून समजावला. मला समजला तसा तो सांगते. हा हट्ट एकट्याने आजार निर्माण करत नाही, अन्यथा लातूरचे प्रत्येक वसतिगृह रुग्णालय झाले असते. पण आजाराच्या आधीपासून तो असतो असे पुन्हा पुन्हा दिसले आहे. इंग्लंडमधले मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या स्त्रियांची इतर मनोविकार असलेल्या स्त्रियांशी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात लहानपणापासूनचा परिपूर्णतेचा हट्ट आणि स्वतःविषयीचे वाईट मत विशेष आढळले. उच्च ध्येय आणि हा हट्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मला तेथेच कळले. ध्येय ठेवणारा मनुष्य चुकला तर त्याला वाईट वाटते. माझ्यासारखी व्यक्ती चुकली तर ती स्वतःच चूक ठरते. तिची सगळी किंमत त्या एका गोष्टीला टांगलेली असते. ठरवलेले जमले नाही तर ती नालायक, आणि जमले तर ठरवलेलेच फार सोपे होते, दोन्हींकडून हार. शफ्रान, कूपर आणि फेअरबर्न यांनी २००२ मध्ये हे चक्र मांडले होते आणि मॅडमनी ते कागदावर काढून दाखवले, तेव्हा मला माझ्या सकाळच्या समाधानाच्या विझण्याचे चित्रच कोणीतरी काढल्यासारखे वाटले.

गुणांना हे चक्र लावले तर गुण कधीतरी हाताबाहेर जातात. जेवणाला लावले तर शरीर बरेच दिवस आज्ञा पाळते, आणि घात होतो तो येथे. शिवाय उपासमार स्वतःच मेंदूला अधिक हेकट करते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, अन्नाचा घास तासन् तास पुरवू लागले, चिडके आणि एकलकोंडे झाले. माझी कात्रणांची वही मी कोणालाही दाखवली नव्हती. सत्तर वर्षांपूर्वीच्या परक्या पुरुषांनी ती आधीच लिहून ठेवली होती, हे ऐकून मला पहिल्यांदा रडू आले. म्हणजे ज्याला मी माझा स्वभाव समजत होते त्यातला बराचसा भाग भुकेचा होता. बराचसा, सगळा नव्हे. वजन भरून आल्यावरही हट्टाचा काही अंश मागे राहतो आणि माझाही राहिला आहे.

आम्ही तीन महिने औरंगाबादला आत्याच्या घरी राहिलो आणि त्यानंतर वर्षभर दर पंधरा दिवसांनी अंबाजोगाई-बीडमार्गे एसटीने सहा-सात तासांचा प्रवास करून जात राहिलो. उपचारांचा सांगाडा साधा होता: घड्याळ पाहून तीन जेवणे आणि मध्ये दोनदा खाणे, भूक असो वा नसो, कारण माझ्या भुकेची घंटा बिघडलेली होती, वाटी-चमच्याने मोजायचे नाही, निदान वर्षभर एकही उपवास नाही. शेवटच्या अटीवर आई अडली. धरलेले व्रत मध्येच सोडले तर देव काय म्हणेल, या विचाराने तिला झोप येईना. अखेर तिने तोड काढली: ‘तुझे सोमवार मी धरते, तू जेव.’ समुपदेशक ताईंना हे पटले नाही, आणि मलाही आज पटत नाही, पण त्या वर्षी माझ्या ताटातला प्रत्येक सोमवारचा घास आईच्या उपवासावर उभा होता, हे खरे आहे.

मला जेवणाची डायरी लिहायला सांगितली होती. मी ती समासाची रेघ आखून, दोन रंगांच्या शाईने, वडिलांना दाखवता येईल अशा अक्षरात लिहून नेली. मला वाटले ताई खूश होतील. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, ‘ही कितव्यांदा लिहिलीस?’ तिसऱ्यांदा लिहिली होती. मी तेथेही पहिल्या क्रमांकाची रुग्ण होऊ पाहत होते, आणि बरे होण्याच्या परीक्षेत माझ्या पुढे कोण आहे याचा अंदाज घेत होते. पुढच्या वेळी डायरी खाडाखोडीसकट आणायची, असा गृहपाठ मिळाला. तो मला पहिल्या पोळीपेक्षाही जड गेला. त्यानंतर असेच गृहपाठ येत राहिले: एक भांडे रात्रभर खरकटे ठेवायचे, वेणी एका बाजूने सैल सोडून दुकानात जायचे, भाकरी वाकडी झाली तर मोडून पुन्हा थापायची नाही. प्रत्येक वेळी आधी लिहून ठेवायचे की काय अनर्थ होईल असे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी लिहायचे की काय झाले. दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा ‘काही नाही’ एवढेच असे.

त्यांतला एक गृहपाठ वडिलांसाठी होता. वडील निलंग्याला नोकरीवर होते आणि मी रोज रात्री जेवल्याचा संदेश त्यांना फोनवर पाठवत असे. ताईंनी सांगितले, त्यात एक ह्रस्व-दीर्घाची चूक मुद्दाम कर आणि दुरुस्त न करता पाठव. मी ‘मि जेवले’ असे लिहिले आणि बोट पाठवण्याच्या खुणेवर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. शेवटी पाठवले. ज्या माणसाने आयुष्यभर तालुक्यातल्या मुलांच्या वेलांट्या तपासल्या, त्याचे उत्तर दहा मिनिटांनी आले: ‘ठिक आहे.’ ठीक नव्हे, ठिक. ती चूक त्यांनी मुद्दाम केली की हात थरथरला, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

सगळे सरळ रेषेत झाले नाही. २०१९ मध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतला आणि पहिल्याच चाचणीत एक गुण गेल्यावर आठ दिवस रात्रीचे जेवण सुटले. फरक एवढाच, की या वेळी नवव्या दिवशी मी स्वतः फोन केला. फेब्रुवारी २०२० मध्ये गोळ्यांशिवाय पाळी आली. मार्चपासून टाळेबंदीत घरीच, चौघांच्या पंगतीत बसून जेवले, आणि त्या काळाने माझे भलेच केले असे मला वाटते, जरी हे बोलायला संकोच होतो. हाडांची घनता तपासली तेव्हा ती वयाच्या मानाने कमी निघाली. तेवढे नुकसान राहिले आहे.

तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत गोळ्यांच्या वजनाच्या एकसारखेपणाची तपासणी होती. भारतीय औषधसंहितेप्रमाणे २० गोळ्या एकेक करून तोलायच्या आणि सरासरी काढायची. गोळी २५० मिलिग्रॅमची किंवा त्याहून मोठी असेल तर सरासरीपेक्षा पाच टक्के इकडेतिकडे चालते, आणि दोन गोळ्या त्या मर्यादेबाहेर गेल्या तरी, दुपटीपलीकडे कोणी गेली नसेल, तर तपासणीत गोळ्या उतरतात. माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे त्या वस्तूलाही कायद्याने एवढी सूट दिली आहे, हे वाचून मी तराजूसमोर एकटीच हसले आणि शेजारच्या मुलीने काय झाले म्हणून विचारले. आता मी वाळूजमधल्या एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करते. नोंदवहीत खाडाखोड झाली तर एक रेघ मारून, खालचे दिसेल असे ठेवून, शेजारी सही आणि तारीख घालायची असा तेथील नियम आहे. पान फाडलेले तेथे अजिबात चालत नाही.

माझ्या वेळी फोन उचलून कोणाशी मराठीत बोलावे अशी सोय ठाऊक नव्हती. २०२२ मध्ये केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा सुरू झाली आणि १४४१६ या क्रमांकावर आता बोलता येते. तो क्रमांक मी मागच्या महिन्यात माझ्या मामीला दिला. त्याचे कारण मामेबहीण. ती लातूरला अकरावीला आहे, वर्गात पहिल्या पाचांत असते, आणि तिचे अक्षर माझ्याहून चांगले आहे. फोनवर अभ्यासाचे बोलता बोलता ती म्हणाली, ‘ताई, मी आता गुरुवार पण धरलाय.’ तो ‘पण’ ऐकून मी विचारले, आधी कोणकोणते धरतेस. तिने मोजून सांगितले. आवाजात अभिमान होता, आणि तो मला ओळखीचा होता.

मी तिला काही समजावले नाही. शनिवारची सुटी घेतली आणि पहाटेच्या एसटीने लातूरला गेले. घरून डबा करून नेला नाही. तिच्या मेसमध्ये पाहुण्यांचे पैसे भरले, तिच्या समोर पाटावर बसले आणि मावशींना म्हटले की आम्हा दोघींना वाढा. भाजीत तेल जरा जास्तच होते. तिने माझ्या ताटाकडे पाहिले, मग स्वतःच्या ताटाकडे, आणि हळूच विचारले, ‘ताई, तू किती खाणार?’

‘माहीत नाही,’ मी म्हटले, आणि पोळी मोडली.